घरच्या मुलीचे असिस्ट

२६ ऑक्टोबर

दिवाळीच्या आवराआवरीत शैलाला माझ्या ऑफिसची एक कोरी डायरी सापडली, दोन वर्षांपूर्वीची. वार जुळत नाहीत, तेवढे खोडून वापरायची. चौतीस वर्षं जिल्हा सांख्यिकीत काढली. पिकं मोजली, विहिरी मोजल्या, एका वर्षी कोंबड्यासुद्धा मोजल्या. रिटायर झाल्यापासून मोजायला काही नव्हतं, आज मिळालं. म्हणून डायरी.

देवश्रीच्या कॉलेजचे स्पोर्ट्स ऑफिसर श्रीनाथ सर सकाळी घरी आले होते. उद्यापासून आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल, सहा सामने. त्यावरून युनिव्हर्सिटीची मुलींची टीम ठरणार. बारापैकी अकरा नावं पक्की आहेत. बाराव्या जागेसाठी दोघी आहेत, दोघीही यांच्याच कॉलेजच्या. एक रजनी, भैरवगढची, वडील चादरींवर छापे मारतात. दुसरी आमची देवश्री. "हर साल झगड़ा होता है कानडे साहब, किसकी सिफ़ारिश चली, किसकी नहीं. इस बार आँकड़ों से होगा. और आँकड़े आप रखेंगे."

मी म्हटलं, माझी मुलगी आहे त्यात. ते म्हणाले, "तो क्या हुआ? आपको कौन नहीं जानता?"

हे ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

शैला म्हणाली, "नाही म्हणा. घरची मुलगी आहे, तुम्ही कशाला त्या टेबलावर?" तिला वाटतं मी देवश्रीला झुकतं माप देईन. बत्तीस वर्षांच्या संसारात हेच ओळखलं हिने मला.

देवश्रीचं हे शेवटचं वर्ष. युनिव्हर्सिटीकडून खेळल्याचं सर्टिफिकेट मिळालं तर रेल्वेच्या खेळाडू कोट्यात अर्ज भरता येतो. तिने तो फॉर्म कधीचा प्रिंट काढून कपाटात ठेवलाय. नाहीतर बी.कॉम. होऊन फ्रीगंजच्या कुठल्यातरी शोरूममध्ये बिलं फाडत बसेन, असं तीच म्हणते.

२७ ऑक्टोबर

पहिला सामना. जिंकलो.

पद्धत अशी ठरवली आहे. खेळाडूने केलेले गुण, रिबाउंड म्हणजे हुकून परत आलेले आणि झेललेले बॉल, असिस्ट, हिसकावलेले आणि अडवलेले बॉल, या सगळ्यांची बेरीज. त्यातून हुकलेले शॉट आणि हातचे घालवलेले बॉल वजा. उरेल ती एफिशियन्सी. यात कोणाचं नाक सरळ, कोण कोणाची भाची, काही येत नाही. सहा सामन्यांची बेरीज जिची जास्त, ती बारावी.

बाकी सगळं सरळ आहे. बॉल जाळीत गेला की गेला. नजरेचा अंदाज लागतो तो फक्त असिस्टला. पास दिला आणि पुढचीने लगेच बास्केट केली, तर पास देणारीला असिस्ट. पण पुढचीने मध्ये टप्पा टाकला, थांबली, वळली, तर द्यायचा की नाही? ते टेबलावरच्या माणसाने ठरवायचं. त्यासाठी मी स्वतःपुरता एक नियम केलाय: शंका असेल तिथे देवश्रीला द्यायचा नाही. माझे खापरपणजोबा शिंद्यांच्या दफ्तरात होते. त्यांनी सख्ख्या भावाच्या जमिनीची नोंद नाकारली होती, असं आमच्याकडे सांगतात. भाऊ पुढे जन्मभर बोलला नाही म्हणे.

२८ ऑक्टोबर

देवश्रीने आज पाठीमागून एक पास दिला, मलाच कळलं नाही बॉल कुठून निघाला. रजनीने घेतला, एक टप्पा, बास्केट. शेजारी घड्याळावर बसलेल्या सुलभा मॅडम म्हणाल्या, "असिस्ट ना, सर?" मी म्हटलं, मध्ये टप्पा पडला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा घड्याळाकडे बघायला लागल्या. बघू दे. उद्या गावात कोणी म्हणायला नको, बापाने लिहिलं म्हणून.

रजनीही छान खेळली. तिच्या एका पासवर पुढच्या मुलीने दोन टप्पे टाकून बास्केट केली, पण पास मेहनतीचा होता. दिला. पोरगी भैरवगढहून दोन ऑटो बदलून येते, बोटांना निळा रंग तसाच असतो.

३० ऑक्टोबर

तीन सामने झाले. रात्री जेवताना देवश्रीने विचारलं, "बाबा, आजचे माझे किती असिस्ट?"

"दोन."

"दोन," ती म्हणाली आणि वरण वाढून घेतलं.

शैला म्हणाली, "दोन कसे? मी तर..." देवश्रीने तिला "आई, राहू दे ना" म्हटलं. शैला रोज मैदानात येऊन मोबाइलवर पूर्ण सामना उतरवून घेते. अर्ध्यात तिचं बोट असतं आणि अर्ध्यात समोरच्यांची डोकी. हिला खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण मुलगी दिसली की झालं.

१ नोव्हेंबर

चौथा सामना. आज देवश्रीचं काहीतरी बिनसलं होतं. जिथे पास द्यायचा तिथे स्वतःच शॉट मारत सुटली. पंधरा मारले, पाच गेले. हुकलेला प्रत्येक शॉट म्हणजे वजा एक. मी पेन टेबलावर आपटलं एकदा.

घरी येताना स्कूटरवर समजावलं. म्हटलं, तुझा खेळ पास देण्याचा आहे, हे काय नवीन? मागे बसून ती म्हणाली, "पास दिल्याने काय मिळतं, बाबा?"

आजकालच्या मुली. प्रत्येक गोष्टीत काय मिळतं.

३ नोव्हेंबर

कार्तिकातला देवाच्या पालखीचा, सवारीचा सोमवार. जुन्या शहरातले रस्ते बंद, ऑटोवाले तिप्पट मागत होते. रजनी चालत आली असावी, अगदी वेळेवर पोचली, घामाघूम.

पाचवा कसाबसा काल जिंकलो होतो, आज सहावा, शेवटचा. दोन गुणांनी हरलो. शेवटच्या अर्ध्या मिनिटात रजनी बास्केटखाली एकटी उभी, हात वर करून "दीदी, दीदी" ओरडतेय, आणि देवश्रीने लांबून स्वतः मारला. हुकला. हे मला फार लागलं. हरल्याचं नाही. माझी मुलगी इतकी आपमतलबी कधी झाली? शैलाला म्हटलं तर ती म्हणाली, "तुम्हीच विचारा स्वतःला." काय विचारू? मी फक्त लिहितो.

४ नोव्हेंबर

बेरीज तीनदा तपासली. सहा सामन्यांत रजनी सत्त्याऐंशी. देवश्री एक्क्याऐंशी. म्हणजे सामन्यामागे एकाचा फरक.

सही केली. शीट बंद पाकिटात घालून श्रीनाथ सरांना नेऊन दिली. त्यांनी माझ्यासमोर पाकीट उघडलं, आकडे बघितले, माझ्याकडे बघितलं आणि खुर्चीवरून उठून हात मिळवला. मला भरून आलं.

घरी देवश्रीला मीच सांगितलं, बाहेरून कळायला नको म्हणून. ती म्हणाली, "बरं." शैलाने ताट वाढलं आणि स्वतः जेवली नाही.

७ नोव्हेंबर

लिस्ट लागली. बारावी रजनी.

सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर चार ओळखीचे भेटले. कॉलेजमध्ये सगळीकडे हीच चर्चा आहे म्हणाले. एक जण ठेलेवाल्याला सांगत होता, "ये हैं वो कानडे साहब, सगी बेटी को बाहर कर दिया, पर कलम नहीं हिली." ठेलेवाल्याने शेव जास्त घातली. मी दोन प्लेट खाल्ल्या, ते आता लिहिताना लाज वाटतेय.

घरी आलो तर देवश्री रेल्वेचा तो फॉर्म शैलाच्या किराण्याच्या यादीसाठी फाडत होती. मागची बाजू कोरी होती. चार सारखे तुकडे केले, पट्टी लावून.

९ नोव्हेंबर

देवश्री दोन दिवस ग्राउंडवर गेली नाही. बूट गच्चीवर धुवून वाळत घातलेत.

दुपारी शैलाने माझ्यासमोर मोबाइल ठेवला. म्हणाली, "बघा."

मी म्हटलं, आता काय उपयोग?

"मी तुमच्याइतकी शिकलेली नाही. मला एफिशियन्सी कळत नाही. पण कोणी कोणाला बॉल दिला, एवढं दिसतं मला. सहाच्या सहा सामने आहेत. तुम्ही गोठ्यातल्या म्हशी पण दोनदा मोजायचात. पोरीला एकदा तरी परत मोजा."

इतकं एका दमात ती कधी बोलली नव्हती. मी चष्मा घेतला.

१० नोव्हेंबर

कालपासून तेच बघतोय. थांबवून, मागे नेऊन. शैलाचं बोट जितकं वाटलं तितकं मध्ये येत नाही.

देवश्रीचे नऊ पास असे निघाले ज्यांवर बास्केट झाली आणि मी काही लिहिलेलं नाही. यातले पाच तर सरळ असिस्ट आहेत. टप्पा नाही, काही नाही. ते कसे सुटले? मला आठवतंय की मी बघत होतो. मग लिहिलं का नाही, ते आठवत नाही.

उरलेल्या चारांत मध्ये टप्पा आहे. शंकेला जागा आहे.

एक्क्याऐंशीत पाच मिळवले, शहाऐंशी. रजनी सत्त्याऐंशी. म्हणजे तरीही एकाने मागेच. हे बघून माझ्या जिवात जीव आला. निकाल बदलत नाही.

संध्याकाळी कागद देवश्रीला दाखवला. म्हटलं, माझ्याकडून पाच सुटले होते, चूक ती चूक, मी मान्य करतो. तिने कागद नीट वाचला.

"आणि हे चार?"

"त्यात शंका आहे."

ती हसली. मला वाटलं रडेल, पण हसली. मग विचारलं, "रजनीचे पण परत बघितलेत?"

"तिचे कशाला बघू?"

कागद परत माझ्या हातात देऊन ती गच्चीवर बूट आणायला गेली.

११ नोव्हेंबर

रजनीचे बघितले.

तिचे चार असिस्ट असे आहेत ज्यांत टप्पा आहे. एकात दोन टप्पे आहेत, तो मला आठवतो, मेहनतीचा पास. हे चारही मी लिहिलेत. स्वच्छ अक्षरात, न अडखळता. तिथे शंका नावाची गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती.

मग दोन्ही बाजूंनी मांडून बघितलं. सैल नियम लावला, टप्पा चालतो म्हटलं, तर देवश्री नव्वद आणि रजनी सत्त्याऐंशी. कडक नियम लावला, टप्पा चालत नाही म्हटलं, तर देवश्री शहाऐंशी आणि रजनी त्र्याऐंशी. कसंही मोजा, माझी मुलगी तीनने पुढे. तिला मागे टाकायचं तर एकच उपाय आहे, दोघींना दोन वेगळे नियम लावायचे. तेच मी सहा दिवस केलं.

आणि यात ते हुकलेले शॉट अजून तसेच आहेत. शेवटच्या तीन सामन्यांतले. पहिल्या तीन सामन्यांत ती सामन्याला सात-आठ शॉट मारायची. पास लिहिलेच जात नाहीत म्हटल्यावर ती दुसरं काय करणार होती? हे मी स्कूटरवर तिला समजावत होतो.

चौतीस वर्षांत तलाठ्यांचे आकडे मी नजरेने पकडायचो, की हा शेतात गेलेलाच नाही, घरी बसून भरलंय. मला कोणी पकडलं नाही, कारण माझी चूक माझ्याच घरावर पडत होती. अशी चूक कोणी तपासत नाही.

१२ नोव्हेंबर

श्रीनाथ सरांकडे गेलो. नवी शीट, दोन्ही नियमांची, शैलाचा मोबाइल, सगळं घेऊन. त्यांनी चहा मागवला. मी सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते, मध्ये एकदाही टोकलं नाही.

मग म्हणाले, "नाम तो ऊपर चला गया, साहब. परसों शाम की गाड़ी है. पर चलिए, मान लीजिए रोक भी दूँ. मैं सबसे क्या कहूँ? कि बाप ने दोबारा गिना और बेटी आगे निकल आई?"

"व्हिडिओ आहे ना," मी म्हटलं. मराठीतच निघालं. परत हिंदीत सांगितलं.

"वीडियो भी तो माँ ने ही बनाया है."

ते वाईट माणूस नाहीत. पुढे म्हणाले, "बुरा मत मानिएगा. आपकी पहली शीट किसी ने जाँची तक नहीं. क्यों? क्योंकि उसमें आपकी अपनी बेटी नीचे थी. उसी से तो सबको भरोसा हुआ."

चहा तसाच राहिला. निघताना त्यांनी पुढच्या वर्षीही टेबल सांभाळाल का म्हणून विचारलं. अगदी मनापासून विचारलं.

१३ नोव्हेंबर

शेवटी देवश्रीशी बोललो. ती ओट्यापाशी कणीक मळत होती. सगळे आकडे सांगितले. शहाऐंशी-त्र्याऐंशी, नव्वद-सत्त्याऐंशी. सरांकडे जाऊन आलो तेही सांगितलं. ती मळत राहिली.

विचारलं, "तुला कळत होतं?"

"दुसऱ्या मॅचपासून."

"मग बोलली का नाहीस मला?"

"बोलले असते तर तुम्ही अजून एक काढून घेतला असता, बाबा."

मी नाही म्हणणार होतो. काढला असता. 'मुलगी दबाव आणतेय' असं याच डायरीत लिहून काढला असता.

मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी पास दिला ना, की मी टेबलाकडे बघायची. पाचवीपासूनची सवय आहे, तुम्ही मॅच बघायला यायचात तेव्हापासूनची. आधी तुम्ही असे हात वर करायचात. या वेळी मी बघितलं की तुम्ही मान खाली घालून बसलेले. आणि पेन बंद. दोन मॅच बघितलं. मग बघणं सोडलं."

शैला दारात उभी होती. मी तिथून हलेपर्यंत तशीच उभी राहिली.

१४ नोव्हेंबर

दुपारी रजनी आली. संध्याकाळची गाडी आहे तिची. वडिलांनी छापलेली चादर घेऊन आली होती, तांबडी, काठावर बारीक कैऱ्या. म्हणाली, "अंकल जी, पापा ने आपके लिए ख़ुद छापी है. बोले, जिसने अपनी बेटी तक को नहीं छोड़ा, उसके पैर छू के जाना."

आणि वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "ख़ूब आगे जाओ, बेटा," असंही म्हटलं. तिचा काय दोष आहे? तिला तर माहीतही नाही. आणि तिला सांगून तिचा प्रवास कशाला नासवू, असं मी मनाला सांगितलं. पण खरं हे आहे की ती चादर घेताना, क्षणभर का होईना, मला पुन्हा तेच बरं वाटलं, पोह्यांच्या ठेल्यावर वाटलं होतं ते.

देवश्रीने आतून स्वतःचे नी-कॅप आणून रजनीला दिले. "डावीकडची निघाली की मग पास दे, आधी नको देऊ," असं काहीतरी हिंदीत समजावलं. दोघी दारात एकमेकींच्या गळ्यात पडल्या. रजनी रडली. आमची नाही रडली.

दार लावून देवश्री आत जाता जाता माझ्याजवळ थांबली. चादरीची घडी तिने सरळ केली. म्हणाली, "हात लगेच वर गेला तुमचा, बाबा. आशीर्वादाला शंका नाही आली."

ती आत गेल्यावर मी सामन्यांच्या नोंदींचं रजिस्टर काढलं. आता ते कोणी मागणार नाही, बघणार नाही, तरी काढलं. तिच्या नावापुढे आधी ते पाच असिस्ट लिहिले, मग ते चार. चार लिहून झाले आणि हाताच्या सवयीने कंसात 'शंकास्पद' असं लिहून गेलो. लक्षात आल्यावर खोडलं. परत परत खोडलं, मागच्या पानावर वळ उठेस्तोवर. तरी वाचता येतंय.